सिग्नल हिल : पायाआधी विहीर

कॅलिफोर्नियातलं सिग्नल हिल चारही बाजूंनी लाँग बीच शहराने वेढलेलं आहे. क्षेत्रफळ जेमतेम पावणेसहा चौरस किलोमीटर, पण नगरपालिका स्वतंत्र. इथे घर बांधायचं तर आणि प्लॉटवर जुनी तेलविहीर असेल, तर पायाआधी ती शोधावी लागते. त्या दिवशी टेकडीच्या उतारावरच्या एका प्लॉटवर आमच्याकडे गळतीचाचणीचं, म्हणजे जुन्या विहिरीतून वायू बाहेर येतो का ते पाहण्याचं काम होतं.

23 जून 1921 रोजी अलामिटोस नंबर 1 विहिरीला तेल लागलं, तेव्हा टेकडीवर बंगल्यांचे प्लॉट आधीच पाडून विकले गेले होते. जो तो आपला तुकडा भाडेपट्ट्याने देऊ लागला. तेल जमिनीखाली शेजाऱ्याच्या हद्दीत सरकतं, म्हणून त्याच्याआधी आपण उपसायची घाई. विहिरी खोदायचे मनोरे, म्हणजे डेरिक, इतके दाटले की टेकडीला साळिंदराचं नाव पडलं. लाँग बीचचा बॅरलमागचा कर टाळण्यासाठी 1924 मध्ये टेकडीने वेगळं शहर केलं. जेसी नेल्सन ह्या त्याच्या पहिल्या महापौर. आज त्याच प्लॉटांवर समुद्र दिसणारी घरं उभी राहतात, आणि काही घरांच्या कुंपणालगत तेल उपसणारे पंपजॅक अजून चालतात.

जुन्या नोंदीत विहिरीची जागा प्लॉटच्या कोपऱ्यापासून फुटांत दिलेली असते. कोपऱ्याची खूणच हललेली असली की हिशेब चुकतो. म्हणून आधी मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र, फिरवायचा. विहिरीच्या पोलादी केसिंगवर, म्हणजे तिला आतून लावलेल्या नळीवर, काटा उसळतो. पुरलेलं भंगारही तसाच संकेत देतं, त्यामुळे शेवटचे दोन-तीन फूट फावड्याने हातानेच खणायचे. पाच फुटांखाली गेलं की खड्ड्याच्या भिंतींना आधार द्यावा लागतो.

आम्हाला केसिंग साधारण आठ फुटांवर सापडलं. वर पट्टी नव्हती. आजच्या राज्यनियमाप्रमाणे केसिंग जमिनीखाली पाच ते दहा फुटांवर कापून त्यावर विहिरीचा क्रमांक कोरलेली पोलादी पट्टी वेल्ड करतात. पट्टी नाही, म्हणजे विहीर ह्या नियमांच्या आधीच बंद केलेली.

वायू मोजायचा मीटर आधी प्रमाणित वायूवर, म्हणजे ठाऊक प्रमाणाच्या मिश्रणावर, तपासून घेतला. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झालं की ठिणगीने स्फोट होतो, आणि मीटर त्या 5 टक्क्यांचा किती भाग भरला ते दाखवतो. मिथेन हलकं, वर उडून जातं. हायड्रोजन सल्फाइड जड, खड्ड्याच्या तळाशी साचतो. म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे मोजल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. काठावर शून्य, तळाशीही जवळपास शून्य. इथे थांबणं धोक्याचं असतं, कारण वाऱ्याच्या झुळकीने बारीक गळती मीटरला कळत नाही. केसिंगचं तोंड बुडेल एवढं पाणी ओतलं आणि वाट पाहिली.

मधल्या पाइपातून काहीच नाही. बुडबुडे येत होते ते आतल्या आणि बाहेरच्या केसिंगमधल्या फटीतून, एका पाठोपाठ एक. आतली सिमेंटची डाट पक्की होती. फटीतलं सिमेंट वरपर्यंत कधी चढवलंच नव्हतं. वायूचा नमुना प्रयोगशाळेला दिला. त्यात इथेन, प्रोपेन असतील तर तो तेलथरातला; कुजणाऱ्या कचऱ्याच्या वायूत ते सहसा नसतात. दोन्ही निघाले.

अशी गळती वर झाकण ठोकून थांबत नाही. वायू बाजूच्या मातीतून वाट काढतो. खोदकामाची रिग आणून जुनी डाट फोडायची, खोलवर केसिंगला भोकं पाडायची, त्यातून सिमेंट दाबून फटीत चढवायचं, आणि ते घट्ट झाल्यावर पाइप खाली सोडून नव्या डाटीच्या माथ्यावर टेकवून ती पक्की आहे का ते पाहायचं. पृष्ठभागाशी विहीर आणि सगळ्या फटी किमान 25 फूट सिमेंटने भरलेल्या हव्यात. 1985 मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स भागात जमिनीतून दुकानात शिरलेल्या मिथेनचा स्फोट होऊन वीसहून जास्त माणसं जखमी झाली. बिल्डर वेळेवरून कुरकुरतो तेव्हा मी त्याला हेच सांगते.

खरी अडचण घराच्या नकाशाची होती. विहीर नेमकी बैठकीच्या खोलीखाली येत होती. 1974 मध्ये स्थापन झालेली शहराची पुनर्विकास संस्था असे छोटे प्लॉट एकत्र करू शकत असे. राज्याने 2012 मध्ये अशा सगळ्या संस्था बंद केल्या. आता आहे त्याच तुकड्यात मार्ग काढायचा. आम्ही घर मागे सरकवून विहिरीवर गाडीरस्ता आणला. उद्या पुन्हा गळती झाली तर रिग उभी राहायला जागा हवी, आणि ती घर न पाडता मिळायला हवी.