तुम्ही विचारलंत म्हणून: खाली ऑक्सिजन संपला तर?

बँकेत विचारतात, लग्नात विचारतात, परवा एका वर्षश्राद्धाच्या पंगतीत वाढणाऱ्या वहिनींनी आमटीची वाटी हातात धरूनच विचारलं, "ताई, खाली ऑक्सिजन संपला तर हो?" इंदूरची बाई, पन्नाशी उलटलेली, ही वर्षाआड मालवणला जाऊन पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात खोल उतरते, स्कुबा करते, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलेलं असणार, असा एकूण सूर.

तर आधी टाकीचं. तिच्यात ऑक्सिजन नसतो हो, हवा असते. आपण राजवाड्यावर घेतो तीच, गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. नुसता ऑक्सिजन घेऊन उतरलं तर सहा मीटरच्या खाली तोच अंगावर उलटतो, झटके येऊ शकतात. आता संपण्याचं. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) भरली की आत साधारण २४०० लिटर हवा. मी मिनिटाला वीसेक लिटर घेते, म्हणजे काठावर बसून ती दोन तास पुरेल. २० मीटर खाली दाब तिप्पट, एकेका श्वासाला हवाही तिप्पट, की तीच टाकी ४० मिनिटांवर आली. काट्यावर सारखी नजर ठेवायची आणि ५० बार उरलेले असतानाच वर पोचायचं. त्यातूनही काही झालंच तर जोडीदाराच्या टाकीला दुसरं तोंड लावलेलं असतं, आपल्यासाठीच. ते चालतंय का, हे दोघांनी उतरण्याआधी एकमेकांचं तपासायचं. हे सगळं कॅश जुळवण्याइतकंच किचकट आहे, आणि कॅश मी सव्वीस वर्षं जुळवतेय.

मला भीती वाटते ती वर येण्याची.

माझं पोहणं महेश्वरचं. आजोळ तिथे. मामा घाटावरून नर्मदेत ढकलायचा आणि वरून ओरडायचा, "श्वास धर गं!" छाती भरून बुडी मारायची, तळाचा गोटा घेऊन यायचं, मध्येच बुडबुडे सोडले तर बाद. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी स्कुबा शिकायला गेले तर माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा पहिल्याच तासाला म्हणाला, "मॅडम, श्वास धरायचा नाही. कधीच नाही." मला तो आगाऊच वाटला. नर्मदेच्या लेकीला हा श्वास शिकवणार!

पण खरं त्याचंच होतं. नर्मदेत मी वरची हवा घेऊन खाली जायचे. खाली ती आक्रसायची, वर येताना पुन्हा तेवढीच व्हायची. टाकीतला श्वास मात्र खालीच घेतलेला, तिथल्या दाबाचा. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर एक, १० मीटरवर दोन, २० वर तीन. १० मीटरवर छाती भरून घेतली आणि ओठ मिटून वर आलं तर त्या हवेला दुप्पट जागा हवी. छातीत ती कुठून येणार? फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, मेंदूपर्यंत जाऊ शकते. त्याला खोल समुद्रसुद्धा लागत नाही. गच्च भरलेल्या छातीला सव्वा-दीड मीटर पुरे, म्हणजे आपल्या इंदूरचा कुठलाही तरणताल. टक्क्यांत पाहिलं तर दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो शेवटच्या १० मीटरमध्येच, जिथे उजेड दिसायला लागतो आणि माणूस घाई करतो.

हे मला पटलं ते एका पाण्याच्या बाटलीमुळे. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे उतरत होतो. घाटमाथ्यावर, साधारण ७०० मीटर उंचीवर, पाणी संपवून मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि दारातल्या खाचेत खोचली. मालवणात काढून बघते तर कुणी मूठ मारावी तसा कुशीत पोचा. बूच सैल केलं, फस्स झालं, पोचा टकदिशी बाहेर. सातशे मीटर हवा उतरून एवढा फरक. पाण्यात त्याहून जास्त एक मीटरच करतं.

कानाचं मात्र मी अनुभवाने शिकले आणि चूक सर्वस्वी माझी. दुसऱ्या वर्षी जाताना सर्दी होती. रजा मंजूर झालेली, पैसे भरलेले, मग कुणाला सांगते! नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि "सर्दी?" या रकान्यापुढे "नाही" लिहिलं. खाली जाताना दर मीटरला, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं असतं, म्हणजे घशातून कानाच्या आत हवा जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात. माझा उजवा कान उघडेना. अशा वेळी मीटरभर वर यायचं आणि पुन्हा बघायचं. मी जोर लावून फुंकलं. चार मीटरवर कुणीतरी विणायची सुई सरकवावी तशी कळ गेली. वर आल्यावर मास्कच्या काचेत आतून गुलाबी पाणी होतं. पडदा वाचला होता, आत रक्त साकळलं होतं. पंधरा दिवस काउंटरवरचा प्रत्येक जण मला रांजणातून बोलतोय असं वाटे. एक आजोबा तिसऱ्यांदा खातेनंबर सांगताना म्हणाले, "बाई, घरी कुणी सांभाळायला आहे ना तुम्हाला?"

राहिला हवेतला नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात, चरबीत मुरतो आणि घाईने वर आलं तर तिथेच त्याचे बुडबुडे होतात. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर याचे प्रयोग केले. शेळीने पुढचा पाय उचलून धरला की तिच्या सांध्यात बुडबुडे झाले असं धरायचं. त्यातून १९०८ साली वर येण्याचे तक्ते निघाले. आम्ही आजही मिनिटाला नऊ मीटरहून वेगाने चढत नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. ती तीन मिनिटं मला फार आवडतात. करायचं काहीच नसतं, नुसतं लोंबकळायचं.

आणि अंग पुसलं म्हणजे सुटलो असं नाही. एकदाच उतरलं असेल तर १२ तास, रोज उतरत असाल तर १८ तास विमानात बसायचं नाही, कारण विमानाच्या आत दाब कमी असतो. घाट हाही त्यातच धरा. सकाळी पाण्यात आणि दुपारी आंबोली असं मी करत नाही. घरचे कुरकुरतात, पण एक मुक्काम वाढतो तो याच्यासाठी. त्यात माशाचं आणखी एक जेवण पदरात पडतं, हे मी त्यांना सांगत नाही.

वहिनी, तुमचा धाकटा डिसेंबरात जाणार म्हणालात ना? टाकीची काळजी तिथले लोक करतील. तुम्ही निघायच्या आदल्या रात्री त्याचं नाक वाहतंय का तेवढं बघा, आणि वाहत असेल तर तिकीट गेलं तरी चालेल म्हणावं.