चाकं नसलेली बस

शाळेची चिठ्ठी आली: मुलीला 'वॉकिंग बस'ने पाठवणार असाल तर सव्वाआठला कोपऱ्यावर आणून सोडा. मी साताऱ्याचा, पोवई नाक्यावर गाड्यांची वाट बघण्यात जन्म गेलेला. मान लांब करून रस्त्याकडं बघत राहिलो. आली ती पोरांची रांग! अंगात पिवळीजर्द जाकिटं, पुढं एक आजी, मागं कुणाचे तरी वडील. पुढचीला ड्रायव्हर म्हणतात, मागच्याला कंडक्टर. लेक रांगेत शिरली आणि बस चालत निघून गेली. लोणंदहून फलटणकडं निघालेली दिंडीच, फक्त टाळ-मृदंग नाहीत.

इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये आल्यापासून या 'वॉक'नं मला पुरतं दमवलंय. शेजारी म्हणाला, "रविवारी छोटासा वॉक करू." आमच्याकडं फिरायला जाणं म्हणजे साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जायचं, वारा खायचा, उतरून चहा. इथं पाच तास माळरान तुडवलं, वर पाऊस. तेवढ्यात अजिंक्यतारा दोनदा चढून उतरलो असतो.

ऑफिसात साहेब म्हणाले, "रिपोर्ट तुला वॉक थ्रू करतो." मी कोट चढवून दारात उभा. ते खुर्चीतूनच माझ्याकडं बघतायत. त्यांना रिपोर्ट फक्त समजावून सांगायचा होता.

कुत्र्याला वॉक करायचं, पाहुण्याला स्टेशनापर्यंत वॉक करायचं. आपण गाडी चालवतो, दुकान चालवतो, माणसाला मात्र सोडायला जातो. क्रिकेटमध्ये तर अंपायरचं बोट वर जायच्या आधी स्वतःहून तंबूत परतणं म्हणजे वॉक. 2003च्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला गिलख्रिस्टनं केला होता. आमच्या गल्लीत असला येडेपणा कुणी केला नाही, बॅट ज्याची तो तर नाहीच.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा पायी जाण्याशी फारसा संबंधच नव्हता. लोळणं, गडगडणं असा अर्थ. विणलेलं लोकरीचं कापड ओलं करून पायांनी तुडवत, म्हणजे ते आटून घट्ट व्हायचं. हे तुडवणारा तो वॉकर. हा सगळा भाग लोकरीचा, त्यामुळं वॉकर आडनावाची माणसं इथं पैशाला पासरी.

परवा आईचा फोन. "चालतंय न्हवं सगळं?"

"चालतंय की."

लेक शेजारी बसून ऐकत होती. खिडकीबाहेर डोकावून म्हणाली, "कोण चालतंय?"