पुढला टाइमले

लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर व्हॅनची रांग लागते. वऱ्हाड आत पंगतीला, ड्रायव्हर लिंबाखाली दारं उघडी टाकून सीटवर आडवे. मधलीच एखादी व्हॅन हलली की तिच्या जागी फुफाट्यात तळहाताएवढा काळा ओला डाग दिसतो. बघणारे बघतात आणि बोलत नाहीत. ड्रायव्हरला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चाली जाई. फिल्टर पुढला टाइमले दखसूत." म्हणजे पुढच्या वेळी बघू.

गंमत म्हणजे खरंच चालून जातं. इंजिनाचं तेल गाळणाऱ्या या फिल्टरच्या डब्यात घड्या घातलेला कागद असतो, आणि त्याच्याजवळ स्प्रिंगवर दाबलेला एक छोटा व्हॉल्व्ह. कागद मळीने तुंबला की तेलाचा दाब त्या व्हॉल्व्हला ढकलतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. इंजिनाला कोरडं पडू द्यायचं नाही म्हणून केलेली सोय. त्यामुळे फिल्टर संपला तरी गाडी कुरकुरत नाही. कचरा मात्र बेअरिंगांत फिरत राहतो, आणि बिल येतं तेव्हा ते फिल्टरचं नसतं, इंजिनकामाचं असतं.

तेल नवीन आणि फिल्टर जुना, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. फिल्टरमध्ये पावभर तरी काळं तेल अडकलेलं असतं. नव्या तेलाची सुरुवातच त्यात मिसळून होते. एवढ्याशा डब्याचे पैसे वाचवायला तीन लिटर तेल खराब करायचं.

व्हॅनचं हे काम जरा अडचणीचंच. मारुतीची ओम्नी 1984 साली आली तेव्हापासून इंजिन पुढच्या सीटखाली. 2019 मध्ये ती बंद झाली, 2010 ची ईको चालूच आहे, पण मांडणी तीच. सीट उचलली की वरून तेल भरता येतं, तेल किती आहे ते दाखवणारी पट्टी बघता येते. खालचं काम मात्र खालीच. खड्डा असला तर उत्तम. नसला तर सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि चेसिसखाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, पाच मिनिटांच्या कामालासुद्धा.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करावं. तेल कोमट हवं, म्हणजे पातळ होऊन मळीसकट उतरतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीला तेवढंही लागत नाही. आधी वरचं झाकण सैल करायचं, मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, नट. शेवटच्या दोन आट्या हाताने, नट आत दाबून धरत. नाहीतर तो थेट तेलाच्या घमेल्यात. नटाचं वायसर दर वेळी नवीन. तो काळा डाग बऱ्याचदा याच वायसरचा असतो आणि शिव्या फिल्टर खातो.

आता फिल्टर. हाताने फिरत नसेल तर पॉलिश पेपर गुंडाळून बघावं, मग पट्ट्याचा पाना. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवणारे मिस्त्री सगळीकडे आहेत. पत्रा फाटतो, बुड इंजिनालाच राहतं आणि दुपार तिथेच जाते. सैल झालेल्या फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवून काढला तर तेल कोपरापर्यंत येत नाही. सायलेन्सरचा पाइप कुठे आहे ते आधी बघून ठेवावं. तो हाताला सापडतोच.

आणि इथे थांबावं. निघालेल्या फिल्टरवर रबरी रिंग आहे का? नसेल तर ती इंजिनाला चिकटून राहिलीय. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला की रिंगवर रिंग बसते. सुरुवातीला काही कळत नाही. नंतर दाबाखाली वरची रिंग सरकते आणि सगळं तेल काही मिनिटांत रस्त्यावर. सावदा-फैजपूरच्या केळीपट्ट्यात पोरांनी भरलेली व्हॅन, आणि डॅशवरचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा ड्रायव्हरला उन्हात दिसत नाही, असं हे प्रकरण असतं. म्हणून बोट फिरवून खात्री करायची, जागा फडक्याने पुसायची.

नव्या रिंगला नवं तेल बोटाने लावायचं. फिल्टर हातानेच बसवायचा, रिंग टेकेपर्यंत, आणि त्यानंतर पाऊण फेरा. संपलं. पाना लावून आणखी करकचणाऱ्याला तोच फिल्टर पुढच्या वेळी काढायला लावावा.

ओम्नीत साधारण तीन लिटर तेल बसतं, पण आधी अडीचच ओतावं आणि पट्टी बघत पुढे जावं. जास्त झालेलं तेल कमी तेलाइतकंच वाईट: क्रँक ते घुसळतो, फेस होतो, उरलेलं एअर फिल्टरकडे चढतं. इंजिन चालू केल्यावर लाल दिवा दोनचार सेकंद रेंगाळतो, कारण रिकामा फिल्टर भरायचा असतो. तोवर रेस करू नये. दिवा गेला की खाली वाकून बघावं, बंद करावं, पाच मिनिटांनी पुन्हा पट्टी.

किती किलोमीटरला, यावर पारावर भांडणं होतात. पुस्तकात लिहिलेला आकडा डांबरी रस्त्याचा असतो. कापसाच्या हंगामात शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीत काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमधून थोडी थोडी आत येते आणि शेवटी तेलातच उतरते. अशा गाडीला 5,000 किलोमीटरवर तेल आणि फिल्टर बदलावं, एअर फिल्टरही बघावा. गॅसवरच्या गाडीचं तेल काळं दिसत नाही, म्हणून ते चांगलं आहे असं समजू नये.

जुना फिल्टर बुडाला भोक पाडून रात्रभर उपडा ठेवला की बरंच तेल निथळतं. ते नाल्यात किंवा बांधावर ओतायचं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये भरून जळकं तेल नेणाऱ्याला द्यायचं. त्याच्या आधी शेजारचा कोणीतरी वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना हवंय म्हणून कॅन मागायला येतो, आणि त्याला नाही म्हणणं फिल्टर काढण्याहून अवघड.