आमची वाटचाल : यंत्रमागाच्या लेथपासून इंजिन बदलण्यापर्यंत

आमचं वर्कशॉप मूळचं गॅरेज नाहीच. आप्पांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत जुना लेथ टाकला तो यंत्रमागाच्या पार्टसाठी. सोलापुरात तेव्हा चादर-टॉवेलचे माग एवढे होते की बुश, शाफ्ट, गिअर करून देणाऱ्याला रात्रीपाळीचंही काम असायचं. गाड्यांचं काम शिरलं ते त्याच गिऱ्हाइकांमुळे. एका कारखानदारांनी मॅटॅडोरचं इंजिन टेम्पोतून आणून दारात उतरवलं आणि म्हणाले आप्पा, हे माझ्या ॲम्बॅसिडरला बसवायचंय, गॅरेजवाला म्हणतो मधली प्लेट लेथवाल्याकडून करून आणा. ती प्लेट आप्पांनी केली आणि आमचा धंदा तिथून वळला.

ही मधली प्लेट म्हणजे ॲडॉप्टर प्लेट. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकायचं म्हटलं की लोक विचारतात इंजिन जागेत मावतंय का, पण खरी कसोटी या प्लेटची असते. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, दोन्हीचे बोल्टचे होल जुळत नाहीत म्हणून मध्ये जाड प्लेट घालायची. होल कुणीही पाडेल ओ, पण क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा, सेंटर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा सेंटर एका रेषेत आला पाहिजे. आप्पा फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, आतली बाजू फिरवून बघायचे आणि काटा पाच थाऊच्या आत आल्याशिवाय बोल्ट आवळू द्यायचे नाहीत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढं कशाला असं गिऱ्हाईक म्हणायचं, पण सेंटर चुकला की पायलट बेअरिंग जातं, क्लच प्लेटचा हब खातो, गिअर चालत्या गाडीत सुटायला लागतो, आणि दोष इंजिनावर येतो. मागाचे पार्ट करणाऱ्या माणसाला ही सवय आधीपासून होती, म्हणून आमचं नाव झालं असं मला मनापासून वाटतं.

त्या काळात हे काम परवडायचं का, तर हो, चांगलंच परवडायचं. जुन्या विलीज जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, वडापला लावली तर कमाई टाकीतच जायची. त्यात प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन टाकलं की तीच जीप मोहोळ-पंढरपूर भरून चालायची आणि मालकाच्या हातात पैसा राहायचा. डिझेलला ॲव्हरेज जास्त मिळतं त्याची कारणं सरळ आहेत, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० टक्के जास्त ऊर्जा, कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीच्या आसपास, आणि हवा अडवणारा थ्रॉटल नाही. त्यात दरातला फरक. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये होतं, लिटरमागे ३२ रुपयांचा फरक, मग कोण थांबणार.

सोपी कामं कुठली तर जिथे कंपनीनेच एका गाडीत दोन्ही इंजिनं दिलीत. ॲम्बॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल आणि नंतर आलेलं तेवढ्याच सीसीचं डिझेल, दोन्ही बीएमसी या एकाच ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातली. जीपचंही तसंच, महिंद्राने तीच चेसिस डिझेलमध्ये विकली म्हणून इंजिन बसवायचं फाउंडेशन, रेडिएटर, क्लच सगळं तयार मिळायचं. फक्त ॲम्बॅसिडरच्या त्या डिझेलची ताकद ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास, पेट्रोलची ५०च्या पुढेमागे, म्हणून घाट चढायचा असेल तर लोक मॅटॅडोरचं इंजिन मागायचे. ते मर्सिडीजच्या डिझाइनचं, २.४ लिटरचं, चिवट आणि वजनदार. मग पुढची बाजू बसायची, टॉर्शन बार, म्हणजे पुढची स्प्रिंगचं काम करणारी दांडी, उचलून द्यावा लागायचा.

इंजिन बसलं की काम संपलं असं समजणाऱ्यांना आप्पा बसवून घेऊन सगळं सांगायचे, आम्ही पण सांगतो. कॉइल, डिस्ट्रिब्यूटर निघतात पण हीटर प्लगची वायरिंग नवीन टाकावी लागते, सेल्फला जोर लागतो म्हणून बॅटरी मोठी लागते. नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत जायला रिटर्न लाइन लागते, पेट्रोलची टाकी नीट धुऊन पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा लागतो, नाहीतर डिझेल पंप जातो आणि तो पंप हाच डिझेलमधला सगळ्यात महाग पार्ट. जुन्या पंपाचं इंजिन नुसती चावी फिरवून बंद होत नाही, त्याला ओढायची केबल नाहीतर सोलेनॉइड लागतो. डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, म्हणून मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी, क्राऊन-पिनियन, पेट्रोलचीच ठेवली तर हायवेला ऐंशीच्या स्पीडला इंजिन ओरडत राहतं.

आणि ब्रेक. बूस्टरवाली, म्हणजे ब्रेकचं पेडल हलकं करणारा डबा असलेली, गाडी असेल तर हे सोडून चालणारच नाही. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमागे व्हॅक्यूम तयार होतो, बूस्टर त्यावर चालतो, डिझेलमध्ये थ्रॉटलच नाही म्हणून व्हॅक्यूमही नाही, मग पेडल दगडासारखं कडक होतं. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. पंपाशिवाय गाडी द्या, पंप पुढच्या महिन्यात लावू म्हणणाऱ्याला आम्ही चावी देत नाही, कितीही जुना माणूस असो.

मग काळ बदलला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण गेलं, दरातली ती मोठी दरी राहिली नाही. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग होतं. आता कुणी पेट्रोल कार घेऊन आलं की मी कागदावर हिशोब मांडून दाखवतो. महिन्याला १००० किलोमीटर, पेट्रोलवर १५ चं ॲव्हरेज, डिझेलवर २० चं, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरा. पेट्रोलचे ७००० होतात, डिझेलचे ४६००. वाचले २४००. कॉमन रेल म्हणजे नव्या पद्धतीचं डिझेल इंजिन, त्याचा ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वायरिंग, गिअरबॉक्स, एक्सल, मजुरी सगळं मिळून दोन लाख धरले तर पैसे वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं, आणि तोवर टर्बो-इंजेक्टर काहीतरी काम काढतंच. त्यापेक्षा ही गाडी विकून तशीच डिझेल गाडी सेकंडहँड घ्या, नाहीतर मान्यताप्राप्त सीएनजी किट लावा. आमचं काम जातं यात, पण माणसाचे दोन लाख वाचतात.

नवीन गाडीत नुसतं इंजिन बदलून भागत पण नाही. चोरी रोखणारा इमोबिलायझर, मीटर, ब्रेकचं एबीएस, एसी हे सगळे इंजिनाच्या ईसीयूशी बोलत असतात, ईसीयू अनोळखी निघाला की गाडी सुरूच होत नाही. म्हणून करायचंच असेल तर अख्खी डोनर गाडी लागते, म्हणजे पार्ट काढून घ्यायला तशीच दुसरी गाडी, इंजिनापासून पेडलपर्यंत. ट्रकभर स्क्रॅपमधून एकेक पार्ट जमवून केलेली कामं पूर्ण होत नाहीत, गाडी अंगणात उभी राहते.

कागदाचं तर आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर प्रदूषणाचे नियम. सोलापूर तर भारत स्टेज ४ हे धुराचे नियम देशभर लागू व्हायच्या कितीतरी आधी, २०१० मध्येच ते लागू झालेल्या शहरांच्या यादीत होतं, त्यामुळे त्या नियमाखाली इथे नोंदलेल्या गाडीत जुनं धूर सोडणारं डिझेल इंजिन टाकून आरसीवर चढवून घेऊ हे डोक्यातून काढा. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल अशी गाडी ठोकली तर इन्शुरन्सवाला क्लेम नाकारायला मोकळा.

म्हणून आज आमचं मुख्य काम म्हणजे जुन्या जीप आणि ॲम्बॅसिडरची इंजिनं ओव्हरहॉल करणं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलून देणं आणि अर्धवट सोडलेली स्वॅपची, म्हणजे इंजिन बदलायची, कामं सरळ करणं. पूर्वी आरसीवर डिझेल म्हणून रीतसर चढलेल्या गाड्या अजून येतात, कुणाचा सेंटर गेलेला, कुणाला व्हॅक्यूम पंपच नाही. ॲडॉप्टर प्लेट अजून आप्पांच्याच लेथवर होते, डायल गेज आता माझा धाकटा भाऊ लावतो. तुमची अशी गाडी असेल तर आरसी, इन्शुरन्स आणि इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो घेऊन या, गाडी नंतर बघू.