२१ जानेवारी २००८: खोली पीईची, वेग मार्जिनचा

त्या सोमवारी सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला तो अमेरिकेमुळे, असं पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या ब्रोकरांच्या ऑफिसांत आजही ठामपणे सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. सबप्राइमच्या (पत कमी असलेल्यांना दिलेल्या अमेरिकी गृहकर्जांच्या) बातम्या ऑगस्ट २००७ पासून येतच होत्या. त्या वाचत वाचतच आपला बाजार १५ हजारांच्या आसपासवरून १० जानेवारीला २१,२०६ पर्यंत चढला. ठिणगी बाहेरून आली, दारूगोळा घरचा होता: महाग भाव आणि उधारीचा पैसा.

आधी पीई, म्हणजे शेअरचा भाव कंपनीच्या प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे ते. शिखराच्या वेळी निफ्टीचा पीई २८ च्या जवळ होता. २७ ऑक्टोबर २००८ ला निफ्टी २,२५२ पर्यंत गेला तेव्हा तो ११ च्या आसपास आला होता. बाजार किती खोल पडू शकतो हे पीई आधीच दाखवत होता, पण तारीख मात्र तो कधीच सांगत नाही. ऑक्टोबर २००७ मध्येही बाजार महागच होता, आणि तेव्हा शॉर्ट केलेल्यांचे (भाव पडेल या भरवशावर आधीच विकून बसलेल्यांचे) पुढचे अडीच महिने वाईट गेले. आणखी एक गफलत हल्ली सर्रास होते: तेव्हाचा पीई कंपन्यांच्या स्वतंत्र (उपकंपन्या सोडून) निकालांवर काढलेला असे, २०२१ पासून एनएसई एकत्रित (उपकंपन्यांसह) निकाल धरते. या बदलानेच पीई एका झटक्यात बराच खाली आला. त्यामुळे आजचा पीई आणि तेव्हाचे २८ शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

तारखेच्या जवळ नेणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. २९ ऑक्टोबर २००७ ला सेन्सेक्सने २० हजार पाहिले. तिथून शिखरापर्यंत जेमतेम सहा टक्के वाढ. त्याच काळात स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचे शेअर) मात्र सुसाट होते. मोठे शेअर रांगतात आणि नावही न ऐकलेले शेअर रोज अप्पर सर्किटला (दिवसातल्या वाढीच्या कमाल मर्यादेला) जातात, तेव्हा उधारीचा पैसा फिरतोय असं समजावं.

ही उधारी मोजता येते. समजा, शेअरचा रोखीतला भाव ५०० आहे, फ्युचर (तोच शेअर पुढच्या ठरलेल्या तारखेला घेण्याचा करार) ५०७ ला आहे आणि एक्स्पायरीला, म्हणजे करार संपायला, २५ दिवस आहेत. ७ भागिले ५००, गुणिले ३६५, भागिले २५, म्हणजे वर्षाला २० टक्क्यांहून जास्त व्याज. एवढं व्याज मोजून लोक तेजीत बसले असतील, तर त्यांना भाव नुसता स्थिर राहिलेलाही परवडत नाही. एका शेअरमध्ये असं दिसलं तर सोडून द्या. वीस-पंचवीस शेअरमध्ये एकदम दिसलं तर आपल्या पोझिशन (चालू सौदे) कमी करा.

त्यातच १५ ते १८ जानेवारी रिलायन्स पॉवरचा आयपीओ (पहिली जाहीर शेअरविक्री). मागणी विकायच्या शेअरच्या सुमारे ७३ पट. अर्जाचा पैसा खात्यातच राहू देणारी अस्बा पद्धत अजून यायची होती. चेक वटला की पैसा गेला. मोठ्या अर्जदारांनी तर कर्ज काढून अर्ज भरले होते. शुक्रवारी सेन्सेक्स १९,०१३ वर बंद झाला, म्हणजे शिखरापासून दहा टक्के आधीच उतरलेला, आणि मार्जिन (फ्युचरच्या सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची अनामत) भरायला लागणारी रोकड नेमकी त्याच दिवसांत अडकलेली.

पुढचं गणित साधं आहे. पाच लाखांचं फ्युचर, मार्जिन २० टक्के, म्हणजे एक लाख. शेअर १२ टक्के पडला की ६० हजारांचा तोटा, आणि तो रोखीने दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्याआधी भरायचा. तारण ठेवलेले शेअर कात्री लावूनच, म्हणजे बाजारभावाहून कमी किमतीला, धरलेले असतात, त्यात तेही पडलेले. पैसे आले नाहीत की ब्रोकर पोझिशन कापतो, म्हणजे सौदा परस्पर मोडतो. स्मॉलकॅप लोअर सर्किटला अडकलेले, घेणारा कुणी नाही. मग जे विकलं जातं ते विकलं जातं, म्हणजे हातातले चांगले, मोठे शेअर. एफअँडओमधल्या (फ्युचर-ऑप्शनचे सौदे होतात त्या) शेअरना ठरलेलं सर्किट नसल्याने सगळा मारा त्यांच्यावरच येतो. अशा दिवशी चांगला शेअर का पडला याचं कारण कंपनीच्या ताळेबंदात शोधणं फुकट आहे.

ताळेबंदाची पाळी नंतर येते. पवनचक्क्या बनवणाऱ्या आपल्या पुण्याच्या सुझलॉनवर परदेशी चलनातले परिवर्तनीय रोखे (शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) होते, रीपॉवर या जर्मन कंपनीच्या खरेदीचा बोजा होता. वर्ष संपेपर्यंत भाव सुरुवातीच्या पाचव्या हिश्श्याखाली गेला. सेन्सेक्स तेवढा पडला नव्हता.

मंगळवारी, २२ तारखेला, बाजार ९.५५ ला उघडला आणि काही मिनिटांतच १० टक्क्यांचं सर्किट लागून तासभर बंद राहिला. पुन्हा उघडल्यावर आणखी खाली, १५,३३२ पर्यंत गेला, आणि १६,७२९ वर बंद झाला. ज्यांची पोझिशन सकाळी कापली गेली त्यांना तळाचा भाव मिळाला. त्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर पाऊण टक्क्याने कमी केला, पण तोवर आपला बाजार बंद झालेला होता.

आता नियम थोडे बदललेत. दुपारी एकच्या आधी १० टक्के पडल्यास ४५ मिनिटं थांबा, एक ते अडीचमध्ये १५ मिनिटं, अडीचनंतर थांबा नाही. २० टक्क्यांना मात्र दिवसभरासाठी बंद. या थांब्यात मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकून ठेवू नका, लिमिट ऑर्डर (भावाची मर्यादा घातलेली) द्या. थांब्यानंतर बाजार कुठे जाईल याचा नेम नसतो: १३ मार्च २०२० ला तो वर बंद झाला, २३ मार्चला १३ टक्के खाली.