गणभ म्हणजे किती?

सांगलीत स्पर्धा परीक्षांच्या क्लासात मी बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. सांकेतिक भाषेचा धडा आला की पोलीस भरतीची पोरं जांभया देतात, कारण प्रश्न ठरलेले: इंग्रजी अक्षरं दोन घरं पुढे सरकवा, नाहीतर उलटी लिहा. म्हणून मी फळ्यावर मराठी कोडी घालतो. एका अक्षराच्या जागी दुसरं, काना-मात्रा जिथल्या तिथे. मग डोकी चालतात. एकटं अक्षर दिसलं की 'व', 'मी', 'तो', 'हा' यांतलं कुणीतरी. आणि 'ण' किंवा 'ळ'ने मराठी शब्द सुरू होत नाही, हे तर मी घोकूनच घेतो.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर एक मुलगी थांबली. तिचे वडील कापड पेठेत एका दुकानात कामाला. मालक अचानक वारले, मुलांच्या वाटण्या करायच्या होत्या आणि मालाची खरेदी किंमत कुणालाच माहीत नव्हती. जुनी बिलं २०१९च्या महापुरात गेलेली. माल माडीवर होता म्हणून वाचला. "चिठ्ठ्यांवर मालकांची अक्षरं हायत सर, पण ती त्यांनाच वाचता यायची. तुम्ही बघा की एकदा."

गेलो. प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर विक्रीची किंमत सरळ आकड्यात आणि खाली गणभ, पदभ, णदभ असलं काहीतरी. घासाघीस सुरू झाली की नोकराने चिठ्ठी मालकांपुढे धरायची, ते मान हलवतील तेवढं खाली यायचं, अशी पद्धत. धाकट्या मुलाला वाटत होतं की ही पेढ्यांची किंवा गावांची आद्याक्षरं असतील. पण कितीतरी चिठ्ठ्या 'ण'पासून सुरू होत होत्या. ण वरून कुठलं गाव? हे आकडेच असणार.

अडचण एकच: आकडे दहा आणि अक्षरं भरली अकरा.

कोणतं अक्षर किती वेळा येतं ते आधी मोजावं, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवलंय. मोजलं. शेवटी बहुतेक ठिकाणी 'भ'. खरेदीचा भाव शून्यावर संपणारच, तेव्हा भ म्हणजे शून्य. 'अ' मात्र कधीच पहिला येत नव्हता, नेहमी कुणाच्या तरी मागे. सहाशेच्या साडीवर 'दभअ' होतं. म्हणजे अ हा आकडाच नव्हे. 'मागचाच पुन्हा' एवढीच ती खूण. दोन शून्यं शेजारी दिसली तर गिऱ्हाइकाला वास लागतो, म्हणून. मालक पक्के होते!

उरलेल्यांसाठी मी चिठ्ठ्या विक्रीच्या किमतीने चढत्या लावायला सांगितल्या. नफा साधारण सारखाच धरला असेल, तर पहिली अक्षरंही क्रमाने लागायला हवीत. दीडशेची साडी गणभ, तीनशेची णदभ, सव्वाचारशेची पदभ, पाचशे चाळीसची तदभ. मुलगी बोट ठेवत वाचत गेली, "ग, ण, प, त... सर, गणपत!"

"गणपत न्हाई, गणपती," तिचे वडील म्हणाले.

इतका वेळ गादीवर बसून बघणाऱ्या मालकीणबाई तेव्हा बोलल्या. दर पाडव्याला चोपडीच्या पहिल्या पानावर ते एकच ओळ लिहायचे: गणपती देव सुख लाभ. बोटांवर मोजलं. बरोबर दहा अक्षरं, एकही दुसऱ्यांदा नाही. ग एक, ण दोन, भ शून्य. गणभ म्हणजे एकशेवीस. मुलीने लगेच वही ओढली आणि रात्रीपर्यंत बापलेकीनी सगळ्या गठ्ठ्यांची यादी उतरवली.

त्यांच्या परवानगीनेच हे लिहितोय, कारण तो संकेत आता बंद झालाय. नवा त्यांनी माझ्याकडून करून मागितला होता. मराठीत दहा वेगळी अक्षरं अर्थासकट जुळवणं सोपं नाही, एखादा र किंवा क हमखास दुसऱ्यांदा घुसतो. शेवटी जुळला. तो अर्थातच सांगणार नाही.