स्पर्सचा ड्राफ्ट: पहिल्या क्रमांकापेक्षा अठ्ठाविसावा बघा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सच्या ड्राफ्टचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा, विषय निघाला की तीन नावं ठरलेली: १९८७ चा डेव्हिड रॉबिन्सन, १९९७ चा टिम डंकन, २०२३ चा व्हिक्टर वेम्बान्यामा. तिघेही पहिल्या क्रमांकाचे. पण तो क्रमांक हाती असताना या तिघांना उचलायला फार डोकं लागत नव्हतं, तिथे कुठल्याही संघाने हेच केलं असतं. १९९७ मध्ये तर बोस्टनकडे दोन पिकं (निवडीच्या पाळ्या) होती, वरचे क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीत पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक शक्यताही त्यांचीच होती. रॉबिन्सन दुखापतींमुळे जेमतेम ६ सामने खेळल्याने २० विजय, ६२ पराभव अशा घसरलेल्या स्पर्सना डंकन मिळाला, हे नशीबच. स्पर्सचं कसब दिसतं ते यादीच्या तळाशी.

आयपीएलचा लिलाव डोळ्यांपुढे असेल तर तो बाजूला ठेवा. एनबीए ड्राफ्टमध्ये बोली नसते. दोन फेऱ्या, ठरलेला क्रम, आपली पाळी आली की एक नाव. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, हुकलेल्या संघांत वरच्या क्रमांकांसाठी लॉटरी होते, बाकीच्यांचा क्रम कामगिरीच्या उलटा. स्पर्स १९९८ ते २०१९ सलग २२ वर्षं प्लेऑफला गेले, त्यामुळे त्यांची पाळी यायची तोवर ताटात फारसं काही उरलेलं नसायचं.

नाव पुकारलं म्हणजे खेळाडू आला असं मात्र नाही. संघाला मिळतो तो एनबीएत त्याच्याशी करार करण्याचा हक्क. पहिल्या फेरीतल्याला क्रमांकानुसार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पगार आणि दोन वर्षांची हमी द्यावी लागते. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. म्हणजे दुसऱ्या फेरीत युरोपात खेळणारा पोरगा निवडला आणि तिथेच राहू दिला, तर पगार त्याचा तिकडचा क्लब देतो, संघातली जागा अडत नाही आणि हक्क आपल्याकडेच राहतात.

मनू जिनोबिलीचं हेच झालं. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५८ नावं होती, तो ५७ वा. नंतरची तीन वर्षं तो इटलीतच खेळला, २००१ मध्ये बोलोन्याकडून युरोलीग ही युरोपातली क्लब स्पर्धा जिंकला आणि २००२ मध्ये तयार होऊन टेक्सासला, स्पर्सकडे आला. पुढे चार विजेतेपदं. त्या तीन वर्षांत स्पर्सच्या खिशातून त्याच्यावर पगाराचा एक डॉलरही गेला नाही.

पण ही युक्ती फसतेही. जिनोबिलीसारखाच अर्जेंटिनाचा लुईस स्कोला २००२ च्या दुसऱ्या फेरीत घेतला होता. स्पेनच्या क्लबशी असलेल्या त्याच्या करारातून सुटण्याची रक्कम जबर होती, आणि एनबीए संघाला अशा रकमेत मर्यादित वाटाच उचलता येतो. उरलेली भरायची खेळाडूने. शेवटी २००७ मध्ये त्याचे हक्क ह्यूस्टनला गेले, म्हणजे स्पर्सच्याच विभागातल्या शेजाऱ्याकडे, आणि तिथे तो चांगलाच रुजला. २०१५ चा २६ वा निकोला मिलुटिनोव्ह तर आलाच नाही. तियागो स्प्लिटर (२००७, २८ वा) तीन वर्षं थांबून २०१० मध्ये आला. पहिल्या फेरीतला खेळाडू तेवढा थांबला की पगाराचा तक्ता त्याला लागू राहत नाही, त्यामुळे थांबणं त्याच्याही फायद्याचं.

टोनी पार्करची गोष्ट वेगळी. पहिल्या चाचणीत तो इतका दबला की तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच त्याच्यावर फुली मारायच्या बेतात होते. शोधपथकाने त्याच्या खेळाच्या चित्रफिती पुढे ठेवून दुसरी चाचणी घ्यायला लावली. २००१ मध्ये तो २८ व्या क्रमांकावर मिळाला आणि १९ व्या वर्षी पहिल्याच हंगामात सुरुवातीच्या पाचांत आला. एका चाचणीवर निकाल लावणाऱ्या संघांनी हे प्रकरण नीट वाचावं.

दोनच वर्षांनी, त्याच २८ व्या क्रमांकावर, स्पर्सनी लिआंद्रो बार्बोसाचं नाव घेतलं आणि त्याला लगेच फिनिक्सला देऊन टाकलं, बदल्यात नंतरच्या ड्राफ्टमधलं पिक. कारण? न्यू जर्सीच्या जेसन किडला आणायला पगारमर्यादेत जागा मोकळी हवी होती. किड तिथेच राहिला. २००७ मध्ये बार्बोसा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला. पुढच्याच, २९ व्या क्रमांकावर डॅलसने जॉश हॉवर्ड घेतला, तोही २००७ मध्ये ऑलस्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात आला. माझ्या मते उन्हाळ्यात मोठा खेळाडू येईल या आशेवर पिक विकण्याइतका महागडा व्यवहार नाही.

सगळ्यांत धाडसी चाल २०११ ची. २००८ मध्ये २६ व्या क्रमांकावर घेतलेला जॉर्ज हिल पोपोविचचा लाडका होता. त्यालाच इंडियानाला देऊन स्पर्सनी १५ व्या क्रमांकाचा कवाय लेनर्ड मिळवला, वर डाविस बर्टान्सचे हक्क. लेनर्डचा लांबून नेम कॉलेजात कच्चा होता. स्पर्सकडे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलंड होते. पहिल्याच हंगामात त्याचे तीन गुणांचे ३७ टक्क्यांहून जास्त फटके आत गेले. २०१४ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू तोच. एंगेलंड नसते तर ही अदलाबदल लोकांनी हिलच्या नावाने हळहळत आठवली असती.

अलीकडचा डाव २०२४ चा. चौथ्या क्रमांकावर स्टेफन कॅसल घेतला, तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आठवं पिक मात्र मिनेसोटाला देऊन २०३१ चं पहिल्या फेरीचं पिक आणि २०३० मध्ये त्यांच्याशी पिकांच्या अदलाबदलीचा हक्क घेतला. वेम्बान्यामा हाताशी असताना इतक्या लांबचं कशाला, अशी ओरड झाली. मला सौदा पटतो: मिनेसोटा तेव्हा जोरात होता, पण २०३१ पर्यंत तसाच राहील याची खात्री कोण देणार?